कडेने लाइन देण्यात यावी

आमच्याकडे वीज फक्त आभाळातून पडते. घरात, शेतात, रस्त्यावर जी येते-जाते ती लाइन. लाइन आली, लाइन गेली, लाइन बारीक आहे, लाइन मारते. पोर बोलायला लागलं की 'आई'नंतर 'लाइन'च म्हणतं, अशी आमच्या वाशीम जिल्ह्याची रीत. मी सांगते आहे ते गाव तालुक्याचं, पण त्याचं नाव काही मी लिहिणार नाही. तिथल्या नगरपालिकेत माझा एक अर्ज अजून पडून आहे, आणि अर्ज पडून असताना पालिकेशी वैर घेऊ नये, एवढी अक्कल मला या भानगडीत आली.

भानगडीची सुरुवात हायमास्टपासून. बाजारचौकात एक दिवस हा भला थोरला लोखंडी खांब उभा राहिला. टोकाला गोल करून दिवे, आणि उजेड एवढा की चौकातल्या कुत्र्यांना झोप येईना. त्या उजेडात सगळं दिसतं. वाढदिवसाचे फ्लेक्स दिसतात, फ्लेक्सवरच्या पुढाऱ्यांचे गॉगल दिसतात, मोटारसायकलच्या सीटवर केक कापणारे कार्यकर्ते दिसतात, मधोमध बसलेल्या गाई दिसतात. पण चौक ओलांडून आमच्या वस्तीकडे वळलात की खेळ खलास. चारशे पावलांचा रस्ता. एका अंगाला बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगची लांबच लांब भिंत, दुसऱ्या अंगाला उघडी नाली. खांब पाच. दोनांवरचे दिवे मेलेले, एक मनात आलं तर लागायचा, एक कडुनिंबात घुसलेला. म्हणजे निंबावरच्या कावळ्यांना लखलखाट आणि खालच्या बायांना अंधार. पाचवा चांगला होता, पण त्याचं तोंड रस्त्याच्या मध्यावर. मधून ट्रक जातात, आणि ट्रकला स्वतःचे दिवे असतात. माणूस चालतो कडेनं, आणि कडेला नाली. हे डोकं कोणी चालवलं असेल त्याच्या पाया पडावंसं वाटतं, पण तो कधी पायी आला तर ना!

याच रस्त्यानं रोज संध्याकाळी माझी सासू बाजारातून घरी येते. घरात आम्ही तिला बुढी म्हणतो. वऱ्हाडात त्यात अपमान नाही, आणि असला तरी ती आम्हाला त्याहून वाईट म्हणते, म्हणजे फिट्टंफाट. तोंडावर मात्र आत्याबाई. गावाला लागून आमचं थोडं बागाईत आहे: मेथी, पालक, वांगी, सांभार. सांभार म्हणजे तुमची कोथिंबीर. दुपारी नवरा मोटारसायकलवर पाट्या नेऊन बाजारात टाकतो आणि परत शेताकडे पळतो, कारण शेतातली लाइन नेमकी दिवस मावळताना येते आणि ती आली की मोटर सुरू करायला माणूस हजर पाहिजे. त्यामुळे येताना बुढी एकटी आणि पायी.

बाजारात तिची जागा पाण्याच्या टाकीच्या ओट्याला लागून. माझ्या लग्नाच्या आधीपासूनची. जागा म्हणजे काय, तर अंथरलेलं एक पोतं आणि त्याच्या चार कोपऱ्यांवर चार दगड. आमच्या बाजाराचा कायदा असा की पोतं आणि दगड आहेत तोवर तिथं दुसरं कोणी बसत नाही. पण बाई दिसेनाशी झाली आणि नुसतं पोतंच पडून राहिलं, तर आधी एक दगड सरकतो, मग दुसरा. कोणी सरकवत नाही हो, आपोआप सरकतो. मग एक दिवस पोत्यावर दुसरीची वांगी असतात.

दिवाळी होऊन गेली होती, दिवस आखूड झाले होते. शिकवणीहून येणाऱ्या दोन पोरी बुढीला धरून घरी घेऊन आल्या. चौक ओलांडला आणि ती सरळ नालीत गेली. कोपरापर्यंत चिखल, डावं मनगट भलतीकडं वळलेलं, आणि बुढी म्हणते काय, "माह्या सांभाराची पाटी कुठं राह्यली ते पाहा आधी."

पलस्तर घालून आणलं. रात्रभर तिचं एकच. "त्या चौकातल्या दिव्यानंच पाडलं मले. तिथं एवढं झगझग, अन् पुढं पाय टाकला का कायंकुट्ट. मानसाचे डोये का मांजरीचे हायेत?"

मला वाटलं, म्हातारीचा बहाणा. म्हणून दुसऱ्या दिवशी मी स्वतः जाऊन पाहिलं. खोटं कशाला बोलू, चौकातून त्या रस्त्यावर पाऊल टाकलं आणि मला माझाच हात दिसेना. दहा-वीस पावलं आंधळ्यासारखी चालले, तेव्हा कुठं नालीची कड समजली. चौकात एवढा उजेड नसता तर पुढं एवढा अंधार वाटला नसता, हे बुढीचं गणित बरोबर होतं. पण बरोबर गणिताला आमच्या घरात कोण विचारतं! नवऱ्यानं फैसला केला, "माय, उद्यापासून बाजार बंद."

"तुह्या बापानं चालू करून देला होता काय बाजार?" बुढी म्हणाली. "कवापर्यंत बंद?"

"त्या रस्त्यावर लाइन येईन तवापर्यंत. लाइन आली का त्या दिवशी जाय, मी आडवा येत नाई."

हे त्यानं इतक्या निर्धास्तपणे सांगितलं की मला त्याचा रागच आला. आपल्या हयातीत ती लाइन येत नाही, अशी त्याची पालिकेवर गाढ श्रद्धा.

आता कोणी म्हणेल, सुनेनं सासूसाठी कंबर कसली, वाहवा. कसली वाहवा? माझं दुकान घरातल्या पुढच्या खोलीत. मी ब्लाउज शिवते. आणि बुढी पलस्तराचा हात गळ्यात अडकवून दिवसभर माझ्या मशीनशेजारी. "हे काळं कापड कोनाचं व?" ते कापड जांभळं. "आत्याबाई, जांभळं हाये ते." "तुह्या घरात लाइन बारीक, तं जांभळं दिसन कसं?" तिच्या मते घरातला प्रत्येक दिवा मंद. नवऱ्यानं दोन ट्यूबलाइट बदलल्या, तरी तिची लाइन बारीकच. तांब्यातून पाणी ओतताना पेल्याबाहेर ओतायची आणि पेल्याला शिव्या द्यायची. टीव्हीवर तर तिचा राग एवढा की त्यातल्या माणसांना कोणी अंधारात उभं केलं म्हणायची. गिऱ्हाईक बाया हसायच्या. मी हसत नव्हते, कारण चोवीस तास ते मला होतं.

पण पाच वाजले की ती मशीनपासून उठायची. उंबऱ्यात बाजाराकडं तोंड करून बसायची आणि जो येईल त्याला विचारायची, "माहं पोतं हाये ना रे?" बाजारात तिच्या शेजारी लिंबू-मिरचीवाली बसते. एक दिवस तिनं निरोप धाडला, एक दगड सरकला म्हणून. त्या दिवशी बुढीनं ताटाला हात लावला नाही. बावीस वर्षं मी तिच्याशी भांडले, पण तिला अशी मान खाली घालून बसलेली कधी पाहिली नव्हती. मला कीव आली नाही, संताप आला. एक दिवा लावायला यांना काय धाड भरली आहे?

त्याच रात्री मी अर्ज लिहिला. दहावी पास आहे मी, शुद्धलेखनात पैकीच्या पैकी. 'बाजारचौक ते आमची वस्ती या रस्त्याने महिला, वृद्ध व विद्यार्थिनी पायी ये-जा करतात. तरी पायी चालणाऱ्यांच्या सोयीसाठी सदर रस्त्याच्या कडेने लाइन देण्यात यावी.' वस्तीत फिरून सह्या घेतल्या, अंगठे घेतले. ज्यानं त्यानं वाचलं, मान डोलावली, सही केली. एकालाही त्यात काही वावगं दिसलं नाही. दिसेल कसं?

पालिकेत नवे इंजिनिअर साहेब आले होते. पार पश्चिमेकडचे, बोलणं पुस्तकातल्यासारखं. त्यांनी अर्ज दोनदा वाचला आणि त्यांचा चेहरा खुलला. "ताई, पायी चालणाऱ्यांसाठी कडेने लाइन! या गावात असा विचार करणारं कोणी असेल असं वाटलं नव्हतं."

मीही फुगले. म्हटलं, "साहेब, आता दमानं नका घेऊ. माह्या सासूचा हात मोडला हाये."

"पंधरा दिवसांत करतो."

सरकारी काम अन् सहा महिने थांब, हे ऐकून वाढलेली मी. पंधरा दिवस ऐकून मला त्या साहेबांच्या तब्येतीचीच काळजी वाटली. पण दोन आठवडे पुरते व्हायच्या आत सकाळी सकाळी लिंबू-मिरचीवाली धावत आली. "अव, मानसं आले! गाडी आली! लाइन देऊन राह्यले!"

मी हातातली कात्री तशीच घेऊन पळाले. रस्त्यावर एक गाडी उभी, तिच्यावर शेगडीवर चढवलेली टाकी, टाकीत रटरट शिजणारा पांढरा रंग. एक माणूस ढकलगाडीसारखं यंत्र रस्त्याच्या कडेनं रमतगमत ढकलत होता, आणि त्यातून पांढराशुभ्र पट्टा पडत होता. माणूस इतका सावकाश की पट्टा चांगला भाकरीच्या कडेएवढा जाड. चौकापासून वस्तीपर्यंत, सरळ, सलग. एकही तार नाही, एकही बल्ब नाही.

लाइन आली होती.

वस्ती जी हसली, बाप्पा बाप्पा! पोरं पट्ट्यावरून आगगाडी करून पळाली. पानठेल्यावरचे रिकामे लोक मला पाहून, "वहिनी, लाइन चालू करा ना, बटन कुठं हाये?" एक तर म्हणाला, "वहिनीनं गावात दिवे लावले." मी म्हटलं, हसा, हसतील त्यांचे दात दिसतील. पण आतून मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

कात्री हातात घेऊनच पालिकेत शिरले. साहेबांनी आधी कात्री पाहिली, मग अर्ज काढला. "ताई, हे तुमचंच अक्षर ना? कडेने लाइन देण्यात यावी. दिली."

"लाइन म्हंजे लाइन! उजेडाची!"

"मग पथदिवे असं लिहायचं."

"पथदिवे कोन म्हनते? दिवा देवाजवळ असते, रस्त्यावर लाइन असते! या कचेरीत लाइन गेली तं तुमचा शिपाई काय म्हनते, इचारा त्याले!"

शिपायानं मान खाली घातली. साहेब म्हणाले, "लाइन गेली म्हणतो." मग त्यांना स्वतःलाच हसू आलं, आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "साहेब, एक दिवस गाडी सोडा आन् सांजच्या टायमाले आमच्या संगं पायी चाला," एवढं बोलून मी निघाले.

घरी नवरा दारातच. तोंडभर हसू. बुढीचं पलस्तर दोनच दिवसांपूर्वी कापलं होतं. ती उंबऱ्यात मनगट चोळत बसली होती. तो म्हणाला, "घ्या, आली तुमची लाइन!"

बुढीनं मान वर केली. "काय आलं?"

"लाइन."

"आली? तूच म्हनतं का आली?"

"आली ना! सारं गाव पाहून राह्यलं."

"मंग पाटी आन माही," बुढी उठून उभी राहिली. "लाइन आली का जाय म्हनला होता तू. मी चाललो बाजारात." आमच्याकडच्या बाया जातो-येतोच म्हणतात. शेजारच्या दोघी साक्षीला होत्या, लिंबू-मिरचीवाली तर फिदीफिदी हसत होती. स्वतःच्या तोंडानं बोलून बसलेला माणूस करणार काय? पाटी आणली. त्या दिवशी माझ्या चुकीबद्दल मला पहिल्यांदा बरं वाटलं.

संध्याकाळी मात्र मला राहवेना. ब्लाउज पोचवायचं निमित्त काढून चौकात गेले. बुढी बाजारातून निघाली, हायमास्टखालून आली, आणि अंधार सुरू होतो तिथं येऊन थांबली. वाकून चपला काढल्या, पाटीत टाकल्या. पायानं चाचपून पट्ट्यावर उभी राहिली आणि निघाली, सरळ, पोलीस कवायतीला चालतात तशी. ना अडखळणं, ना थांबणं. मी मागून धापा टाकत गाठलं. "आत्याबाई, चपला कायले काढल्या?"

"नवी लाइन हाये. घान कायले करू?"

मला हसू आवरेना. ही बाई देवळात चपला काढत नाही, चोरीला जातात म्हणते. दारातूनच हात जोडते. आणि पालिकेच्या पट्ट्यासाठी अनवाणी! घरी सगळ्यांना सांगितलं, गिऱ्हाइकांना सांगितलं, मेडशीच्या नणंदेला फोन करून सांगितलं. पुढं रोजच ती तशी यायची आणि मी रोज तीच गंमत रंगवून सांगायची.

साहेब खरंच आले. आठवड्यानंतर, संध्याकाळी, गाडी चौकात सोडून. पांढरे बूट घालून. म्हटलं, झालं यांचं. पुढं बुढी, तिच्या मागं साहेब, मागं मी. अंधारात शिरलो आणि तिसऱ्या-चौथ्या पावलाला साहेबांची चाल मंदावली. समोरून ट्रकचे दिवे अंगावर आले तेव्हा त्यांनी डोळ्यांवर हात घेतला आणि एक बूट नालीच्या कडेवरून घसरला. मी ओरडले. पण त्याआधी पुढून बुढीचा हात आला आणि तिनं त्यांचा दंड पकडला.

"साहेब, लाइन सोडू नका," ती म्हणाली. "लाइन धरून चाला."

आमच्या तिघांत न अडखळता चालणारी एकटी तीच. सत्तरीची बाई इंजिनिअरचा हात धरून त्याला त्याच्याच पट्ट्यावरून घेऊन चालली आहे, हे पाहायला पानठेल्यावरचे सगळे बाहेर आले.

वस्तीत चहा पिताना साहेबांनी बुढीलाच विचारलं, आजी, काय करावं?

"दिवा आभायात कायले टांगता?" बुढी म्हणाली. "मी का डोक्यानं चालतो? पाय जिथं पडते तिथं उजेड टाका. अन् त्या चौकातल्या राक्षसाचे डोये थोडे मिटा."

साहेबांनी ते लिहून घेतलं. मग मात्र सरकारी काम सरकारी चालीनं चाललं. उन्हाळा गेला, सोयाबीन पेरून झालं, सोयाबीन काढायला आलं. पण साहेबांनी पिच्छा सोडला नाही, हे कबूल करायला हवं. हायमास्टचे दिवे खाली वळवले. कडुनिंबाची फांदी न तोडता दिवाच बाहेर घेतला. आणि जिनिंगच्या भिंतीवर, दीड माणूस उंचीवर, ओळीनं छोटे दिवे बसवले. प्रत्येकाला वरून टोपण, म्हणजे उजेड डोळ्यांत न जाता पायाशी पडेल. पिवळसर, मऊ. दोन दिव्यांच्या मधे अंधाराचा तुकडा राहणार नाही इतके जवळजवळ. माझ्यासारखीला काय कळतं, पण चांगली शिवण अशीच असते: टाके लहान आणि सारखे.

चालू करायला अर्थातच पुढारी आले. त्यांच्या मागं त्यांचा फ्लेक्स आला. नारळ फुटला, भाषण झालं, 'माझ्या संकल्पनेतून' वगैरे. बुढी बाजारातून निघून त्या गर्दीत येऊन उभी राहिली, माझ्याशेजारी, बरोबर पहिल्या दिव्याखाली. दिवस मावळला होता. कळ दाबली आणि चौकापासून वस्तीपर्यंत सगळी ओळ एकदम लागली.

आमच्याकडे तिन्हीसांजेला लाइन आली की लोक हात जोडतात. घरात जोडतात, दुकानात जोडतात. त्या दिवशी सगळी वस्ती रस्त्यावर हात जोडून उभी राहिली, लिंबू-मिरचीवालीपासून पुढाऱ्यापर्यंत. मीही जोडले. आणि शेजारी पाहिलं. उजेड बुढीच्या तोंडावर पडला होता, सुरकुती न् सुरकुती दिसत होती. हात तिनं जोडले नव्हते. लोकांच्या टाळ्यांकडे कान देऊन ती उभी होती.

माझ्या कानाशी येऊन तिनं हळूच विचारलं, "लाइन आली काय व?"

जांभळं कापड, पेल्याबाहेरचं पाणी, बदललेल्या दोन ट्यूबलाइट, पाटीतल्या चपला, सगळं एकदम माझ्या डोळ्यांपुढं आलं. वर्षभर मी ज्याची गंमत करून गावाला सांगत होते, ते हे होतं. मला स्वतःची लाज वाटली.

"आली, आत्याबाई," मी म्हटलं. तेव्हा तिनं हात जोडले.

घरी नवरा शेतातून यायचा होता. मी विचारलं, "कवापासून?"

"झाले असन दोन सालं. सकायी थोडंसं दिसते. दिवस बुडला का सारं धुकं."

"सांगतलं काहून नाई?"

"सांगतलं असतं तं जाऊ देलं असतं का तुमी?"

बुढीच पुढं म्हणाली, "बाजारात मले डोये लागत नाईत. मेथी वासानं कयते, वांगं अंगठ्यानं, गिऱ्हाईक आवाजानं. वांधा होता रस्त्याचा. तो तुह्या त्या लाइननं मिटला. पायाले लागते ना ते, उठून. लाइन सुटली का पाय खाली जाते, मंग समजते नाली आली." आणि वर म्हणते, "कोनाले सांगू नको, तुह्या नवऱ्याले तं नाईच. सांगशीन तं तुले पाहून घेईन."

नवऱ्याला काहीतरी सबब सांगून मी तिला अकोल्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. काचबिंदू. डॉक्टर म्हणाले, गेली ती नजर येत नाही, उरली ती सांभाळा. रोज थेंब घालायचे. थेंबांची बाटली मी मशीनच्या ड्रॉवरमधे बॉबिनच्या डब्यात ठेवते, तिथं नवरा मेला तरी हात घालत नाही. त्याला सांगितलं का म्हणाल, तर नाही. हे लिहिलेलं वाचून त्याला कळेल, पण तो वाचत नाही.

दिव्यांनी रस्ता बदलला, यात शंका नाही. शिकवणीच्या पोरी आता घोळक्यानं न येता एकेकट्या येतात. म्हातारे जेवण झाल्यावर फेरी मारतात. भिंतीशी भाजलेल्या कणसांची गाडी लागते. मीसुद्धा कधी कधी उगीच चक्कर मारून येते. फक्त जिच्यासाठी अर्ज केला तिला त्या उजेडाचा काडीचा उपयोग नव्हता, आणि ती आपली चुकीच्या लाइनवरून बरोबर घरी येत होती.

यंदा पावसाळ्यानंतर पालिकेला उमाळा आला आणि रस्ता नव्यानं डांबरी केला. काळा, गुळगुळीत, दिव्याखाली चमकणारा. सगळे म्हणाले, काय झकास रस्ता! पट्टा डांबराखाली गेला. त्या संध्याकाळी बुढी चौकात चपला हातात घेऊन बराच वेळ उभी होती, असं लिंबू-मिरचीवालीनं मला सांगितलं. शेवटी तीच तिला घरापर्यंत घेऊन आली.

दुसऱ्या दिवशी बुढी गेली नाही. गुडघा दुखते म्हणाली. मी म्हटलं, "मी हात धरून आनतो ना रोज."

"हात धरून आनलेल्या बाईजवळून कोन मेथी घेते व? म्हनतीन इले किडं दिसत नाई." आणि पाच वाजता उंबऱ्यात बसली, बाजाराकडं तोंड करून.

तिसऱ्या दिवशी दगड सरकल्याचा निरोप आला. मी मशीन बंद केली आणि अर्ज लिहायला घेतला. यावेळी बुढी म्हणाली, मीबी येतो. पालिकेत ती बाहेरच्या बाकावर दाराशी बसली. सवयीनं चपला काढून शेजारी ठेवल्या होत्या.

साहेबांनी अर्ज वाचला. 'सदर रस्त्याच्या कडेने लाइन देण्यात यावी.' ते मोठ्यानं हसले. "ताई, पुन्हा तीच चूक? पथदिवे म्हणा. आणि दिवे तर आहेत की! बंद पडले का?"

"दिवे हायेत, साहेब. लय चांगले दिवे हायेत," मी म्हटलं. "मले लाइन पाह्यजे. पांढरी. पहिली होती तशी."

"एवढ्या उजेडात पट्ट्याची काय गरज आहे?"

कोणाला सांगणार नाही म्हणून कबूल करून बसले होते. साहेब माझ्याकडं पाहत राहिले, मग दारातून बाहेर, बाकाकडं, बुढीच्या अनवाणी पायांकडं. त्यांचं हसू हळूहळू गेलं. त्यांनी खुर्ची पुढं ओढली, पेन उघडलं आणि खालच्या आवाजात मला विचारलं, "जाडी किती हवी?"

मला ऐकू आलं ते बाहेर तिलाही ऐकू गेलं. तिचे कान आता आम्हा सगळ्यांपेक्षा तिखट आहेत. भर कचेरीत, शिपायासमोर, रांगेतल्या चार माणसांसमोर बाकावरून बुढीच बोलली.

"भाकरीच्या कडेएवढी, साहेब. पायाले लागली पाह्यजे. मले दिसत नाई."

साहेबांनी ते तसंच्या तसं अर्जावर लिहून घेतलं.